पाचोळ्यातली मावशी

सागाचं पान पडतं तेव्हा आवाज होतो. बाकीच्या झाडांची पानं कधी गळाली ते कळतही नाही. सागाचं पान मात्र पंज्याहून मोठं, वाळून पापडासारखं कडक झालेलं. फांद्यांना थडकत, अडत, पुन्हा घसरत खाली येतं आणि जमिनीला टेकताना खर्र करून सांगतं, की आलो बरं का. होळीच्या आसपास जबलपूरला आमच्या अधारतालच्या घरामागे दिवसभर हे चालू असतं. दुपारी सगळी गल्ली झोपलेली असते, मी चहाचं आधण ठेवते आणि मागे कुणीतरी चपला घासत चालल्याचा भास होतो. अजूनही मी मान वळवते. दोन कपांचं पाणी ठेवायची सवय मात्र मोडली. वर्षभरात एवढं एकच काय ते शिकले.

माझा स्वभाव मुळातच झाडूचा. पोस्टात होते तेव्हा माझ्या टेबलावर टाचणीसुद्धा आडवी पडलेली चालायची नाही. घरी आले की आधी ओटा, मग चहा. अशा बाईच्या नशिबी पाचोळ्यावर प्रेम करणारा नवरा यावा, याला काय म्हणावं? आमचे हे फॅक्टरीत होते. तोफगोळ्यांच्या कामातला माणूस, पण क्वार्टर सोडून पाच पावलं गेलं की जंगल लागायचं, आणि ह्यांचं सगळं लक्ष तिकडे. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा लोक विजय नगरला घर बघत होते. सरळ रस्ते, बँक जवळ, दवाखाना जवळ. ह्यांनी अधारतालच्या टोकाला हे घर पसंत केलं. का, तर मागच्या अंगणात सागाची दोन झाडं आणि भिंतीपलीकडे काळ्या खडकांची टेकडी, तिच्यावर साग, पळस, मोह आणि बांबूची बेटं. "शालू, बाहेर निघालं की जंगल. अजून काय पाहिजे?" मला पुष्कळ काही पाहिजे होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस भांडण निवडून निवडून करतो.

चैत्रात टेकडीवर मोह पडायचा. सकाळी खिडकी उघडली की तो गोड, जरासा आंबूस वास थेट स्वयंपाकघरात यायचा. पळस पेटून विझलेला असायचा. दिवस तापत चाललेले, पण पहाटेला अजून चादर लागायची. जबलपूरचा हा महिना मला फार आवडायचा. आवडायचा असंच लिहावं लागतं आहे.

मागच्या सालच्या होळीआधी, हिवाळ्यात, टेकडीवर मशीन आलं. प्लॉट पडायचे होते. खडक फुटले, बांबू गेला, सागाची खोडं एका बाजूला रचली गेली. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी माळ्यावरची गव्हाची रिकामी पोती काढून हे भिंतीपलीकडे गेले आणि पोती भरून पाचोळा घेऊन आले. आणून आमच्याच अंगणात, आमच्याच सागांखाली, पसरला. पुन्हा गेले, पुन्हा आणला. मी दारात उभी.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"पाहुणे आणून राहिलो."

"लोक घरातला कचरा बाहेर टाकतात. तुम्ही जगाचा कचरा घरात आणा."

"कचरा नाही गं. घर आहे ते कोणाचं तरी. त्यांचं घर तुटून राहिलं, मी सामान शिफ्ट करतो आहे फक्त."

शेजारचे तिवारीजी भिंतीवरून डोकावले. "भाईसाहब, इतना पत्ता मत रखिए, साँप निकलेगा।" तर हे हसून म्हणाले, "साँप नहीं तिवारीजी, साँप की मौसी निकलेगी।" तिवारीजींना वाटलं थट्टा आहे. मलाही तसंच वाटलं.

मावशी खरंच निघाली. होळी झाल्यावर एका सकाळी ह्यांनी मला हाक मारली, तीही कुजबुजत. मी ओले हात पुसत गेले तर हे उकिडवे बसलेले, ओठावर बोट. पाचोळ्याच्या कडेला उन्हाचा एक तुकडा पडला होता आणि त्यात ती होती. आपल्या मधल्या बोटाएवढी, नितळ, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी पाठ, शेपटीकडे लालसर झाक. पाय इतके इवले की देवाने शेवटी आठवण झाली म्हणून चिकटवले असावेत. सापसुरळी म्हणतात हिला पुस्तकात. आमच्याकडे सापाची मावशी. मी पदर आवळून दोन पावलं मागे सरले आणि तेवढ्याने ती पानांत गेली. आत गेली म्हणजे पाण्यात बुडी मारावी तशी गेली. पानांवरून एक हलकी खसखस धावत गेली आणि थांबली.

"पाहिलीस? ही ती नाही, जी सगळीकडे दिसते. ती जाडी असते, तिच्या अंगावर पट्टे असतात. ही मी फॅक्टरीच्या जंगलात पाहिली होती एकदा, नवीन लागलो होतो तेव्हा. त्यानंतर आज." ह्यांचा आवाज कापत होता. आमच्या मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कापला होता, तसाच.

मग आमच्या घरात एक नवीनच सीझन सुरू झाला. हे सकाळ-संध्याकाळ प्लास्टिकची खुर्ची टाकून मागे बसायचे. मी झाडू हातात घेतला की नुसती मान हलवायचे. पुढचं अंगण माझं, मागचं मावशीचं, असा तह झाला. एकदा मला म्हणाले, "चल, सराफ्यात जाऊन येऊ." लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. मी चांगली साडी नेसले. सराफ्याच्या गल्ल्यांत एका ओळखीच्या दुकानात आम्ही शिरलो, दुकानदाराने गादीवर बसवलं, आणि ह्यांनी त्याच्याकडे मागितलं काय, तर हिरे बघायचं भिंग. डोळ्याला लावतात ते. ते घेतलं, खिशात टाकलं, आणि बाहेर येऊन मला खोव्याची जलेबी खायला घातली. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी नाहीशी झाली, तेव्हा मात्र बोलावंच लागलं.

बरणीत मावशी होती. "एक मिनिट फक्त," हे म्हणाले, "एक मिनिट बघ, मग सोडून देतो." भिंग माझ्या डोळ्याला लावलं. आधी काही कळेना, मग एकदम एक डोळा समोर आला. मोठा, काळा, शांत. तो मिटला. आणि मिटला तरी माझ्याकडे बघतच राहिला.

"खालची पापणी आहे ती. तिच्यात मधोमध पारदर्शक खिडकी असते. पाचोळ्यात पळताना धूळ जाऊ नये म्हणून डोळा मिटते, पण आंधळी होत नाही. मिटल्या डोळ्यांनीही सगळं दिसतं तिला."

"म्हणजे आमच्या पोस्टमास्तरांसारखी," मी म्हटलं. हे इतके हसले की बरणी हातातून सुटता सुटता राहिली. मग खाली बसून त्यांनी ती अलगद आडवी केली आणि मावशी घरी गेली. त्या बरणीत मी पुन्हा लोणचं घातलेलं नाही. घासून ठेवली आहे.

मृणाल तेव्हाच आमच्याकडे आली. साताऱ्याकडची मुलगी, इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नवीनच लागलेली. इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला ओळख झाली. तिचं मराठी ऐकून आम्हालाच आमचं हिंदी-मिश्रित बोलणं ऐकू यायला लागायचं. ह्यांनी तिला फोनवरचे फोटो दाखवले. ती बराच वेळ बोट फिरवून फोटो मोठे करत राहिली. "काका, फोटोवरून नाव नाही सांगता येणार. खवले मोजावे लागतात, हातात घेऊन. पण या भागात मी अशी पाहिलेली नाही. आणि हिच्याबद्दल फारसं कुणाला माहीतही नसणार. आपण धरू या का एकदा?"

हे पटकन नाही म्हणाले. "पोट बघ तिचं. भरलेलं आहे. अंडी असतील बहुतेक. आता धरली अन् घाबरली तर? पावसाळा होऊन जाऊ दे, पिल्लं निघू दे. मग ये. मी स्वतः धरून देतो तुला. आपण मोजू."

"चालेल काका. दसऱ्याला येते."

"ये. मी कुठे जातो?"

चैत्र संपता संपता गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा बिघडलं. यात सांगण्यासारखं काही नाही. ज्यांच्या घरचं माणूस असं गेलं त्यांना सगळं माहीत असतं. दवाखान्यात मी सकाळी डबा घेऊन जायची आणि माझ्या पायाचा आवाज ऐकला की ह्यांचा पहिला प्रश्न असायचा, "मावशी दिसली काय?"

पहिल्या दिवशी मी म्हटलं, दिसली.

"कुठे?"

"तिथेच. पाचोळ्यात."

"ऊन कुठून होतं? शेपटी कोणत्या बाजूला होती?" मी डब्याचं झाकण उघडायला लागले. ऑक्सिजनच्या नळीआडून हे हसले. "तुला खोटं बोलता येत नाही, शालू. कधीच नाही आलं."

म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी खरंच बसायला लागले. ह्यांच्या खुर्चीवर, घरातली भांडी तशीच टाकून. मला कळलं की बसलं की आधी काहीच नसतं. मग मुंग्या दिसतात, मग एखादा कोळी, मग पानांखालचा गारवा पायांना लागतो. शेवटच्या सकाळी ती आली. एका उलट्या पडलेल्या पानाच्या द्रोणातून आधी नाक, मग डोकं, मग ते फुगलेलं पोट. माझ्याकडे पाहून तिने डोळा मिटला. मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला समोर पडलेला पाचोळा झाडावासा वाटला नाही.

मी तशीच, केसही न विंचरता, रिक्षा करून गेले. ह्यांचे डोळे मिटलेले होते. नर्स म्हणाली, "आंटी, अब जवाब नहीं दे रहे।" मी कानाशी वाकून सगळं सांगितलं. ऊन डावीकडून होतं. शेपटी भिंतीकडे होती. पोट मोठं झालं आहे, आता कधीही अंडी घालेल. ह्यांचा हात माझ्या हातात होता, तो हलला की नाही ते मला आजही सांगता येत नाही. पण मिटल्या डोळ्यांनीही दिसतं, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. मी त्यावरच तगून आहे.

आता ताईंबद्दल लिहायला हवं. सुमनताई ह्यांची थोरली बहीण, नागपूरला असतात. सासूबाई लवकर गेल्या. ह्यांना ताईंनीच वाढवलं. न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, परीक्षेला दहीसाखर देणं, सगळं ताई. ताईंचं प्रेम बोलण्यात नसतं, हातात असतं, आणि हातात बहुतेक वेळा झाडू असतो. ह्यांना नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, तेव्हा ताई पहिल्यांदा जबलपूरला आल्या आणि पिशवी खाली ठेवून आधी अंगण झाडलं. तेव्हापासून दर खेपेला तेच. "माझ्या बंडूचं अंगण" असं म्हणत झाडायच्या. या माणसाला असली माया मिळाली, म्हणून तो सापसुरळीसाठी पोती वाहू शकला असं मला वाटतं.

आणि याच ताईंना सापाच्या मावशीची भयंकर भीती. लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं, चावली तर माणूस पाणी मागत नाही. मृणाल म्हणते ती बिचारी निर्विष असते, पण ताईंना कोण समजावणार? म्हणून ह्यांनी मला ताकीद दिली होती, "ताईला सांगू नको हं. ती झोपणार नाही अन् मलाही झोपू देणार नाही." मी सांगितलं नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. मी आतल्या खोलीत, बायकांच्या गराड्यात. कुणी पाणी देत होतं, कुणी पाठीवर हात फिरवत होतं. दिवस कलायला लागला होता. मागून झाडूचा आवाज येत होता, तो मला ऐकू येत होता आणि कळत नव्हता. अंगण झाडल्याचा आवाज हा घरातला इतका साधा आवाज आहे. मग धूर आला. सागाच्या पानांचा धूर जड असतो, घशात बसतो.

मी कशी उठले, कुणाला ढकललं, मला आठवत नाही. मागच्या दारात पोहोचले तेव्हा अंगण एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लख्ख होतं. झाडूचे फटकारे मातीवर उमटलेले, एकसारखे, सुंदर. कोपऱ्यात भिंतीशी ढीग पेटलेला, तडतड वाजणारा. आणि त्याच्यापुढे ताई, पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, कंबर वाकलेली, पदर खोचलेला, घामाने आणि रडण्याने तोंड ओलं.

"किती साचलं होतं गं माय," त्या म्हणाल्या. "उद्या चार माणसं येतील, म्हणतील, माणूस गेला अन् अंगणात झाडूसुद्धा फिरला नाही. दिवेलागणीच्या आत उरकलं बघ. पोरं म्हणाली आम्ही करतो, मी हात नाही लावू दिला कोणाला. माझ्या बंडूचं अंगण आहे. बघ, कसं दिसून राहिलं."

माझ्या तोंडात ओरडणं आलं होतं. पाणी आणा, विझवा, तिच्यात जीव आहे, पोटात अंडी आहेत. पण ढीग पार आतपर्यंत लाल झाला होता. बादलीने काय होणार होतं? आणि समोर ही बाई, आपल्या हाताने वाढवलेल्या भावासाठी जे शेवटचं करता आलं ते करून, माझ्याकडून एक शब्द ऐकायला उभी होती. मी त्यांच्या हातातला झाडू घेतला. त्यांच्या तळव्यांना फोड आले होते.

"छान झालं, ताई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, मी काडीने राख उकरली. काही सापडलं नाही. सापडलं नाही, याचा मी कितीतरी दिवस आधार धरला. आग लागण्याआधी निसटली असेल. पण निसटून गेली कुठे असेल? भिंतीपलीकडे तर टेकडीच नव्हती उरलेली, सपाट मुरूम आणि चुन्याच्या रेघा होत्या. ह्यांनी तिला तिथून सोडवून इथे आणलं होतं, किंवा ती पाचोळ्यामागोमाग स्वतः आली होती. आमच्या भरवशावर आली होती, एवढं नक्की.

दसऱ्याला मृणाल आली. येताना सोनं म्हणून आपट्याची पानं घेऊन आली, ह्यांच्या फोटोपुढे ठेवली. बराच वेळ मागच्या पायरीवर बसून राहिली. मी तिला सगळं सांगितलं. तिलाच काय ते सांगितलं. ती खोटा धीर देणारी मुलगी नाही. "तळाशी ओल असली तर काही जीव वाचतात, काकू. पण झाडून ढीग केल्यावर ओल राहत नाही." मग म्हणाली, "आता तिचं नाव कळणार नाही." मी म्हटलं, मावशी होतं ना नाव. त्यावर आम्ही दोघी रडलो, एकमेकींकडे न बघता.

यंदा होळीपासून मी मागे झाडू लावलेला नाही. दोनच साग, पण घोट्याच्या वर पानं साचली आहेत. मुलगी हैदराबादहून व्हिडिओवर बघते आणि म्हणते, "मम्मी, किसी से झाडू लगवा लो ना. काय हाल केलं आहे घराचं!" तिवारीजी तर आता बोलायचेही थांबले, विधवा बाईच्या विचित्रपणाला लोक वाट देतात. मी खुर्ची टाकून बसते. मुंग्या दिसतात, कोळी दिसतात. एकदा पानं खसखसली, मी खुर्चीतून पुढे वाकले, तर सातभाई पक्षी निघाले. मोहाचा वास यंदा नाही. पलीकडे घरांचे पाये भरून झाले आहेत.

परवा ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. ताई आल्या होत्या. आता त्यांना एका डोळ्याने नीट दिसत नाही, गुडघे बोलतात, तरी पिशवी खाली ठेवून त्या सवयीने मागे गेल्या. मी भाजी टाकून धावले. त्यांनी झाडू उचललेला होता.

"ताई, असू द्या."

"काहून? बघ ना किती—"

"असू द्या. ह्यांना असंच आवडायचं. मागचं अंगण झाडू द्यायचे नाहीत मला."

ताई थांबल्या. पानांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या भिंतीकडे. भिंतीवर अजून काजळी आहे. दोन पावसाळी सरींनी जाईल म्हणून मी पुसली नव्हती, आणि ती गेली नाही. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. म्हातारी माणसं समजायला वेळ लावतात, पण समजलं की सगळं समजतं.

"बंडूनं ठेवला होता काय हा पाचोळा? मुद्दाम?"

"हो."

"मग मागच्या साली मी..." त्यांनी हातातला झाडू खाली केला. "शालू. मी जाळलं, त्यात काही होतं काय गं? त्याचं काही?"

सागाचं एक पान सुटलं. फांदीला थडकलं, अडलं, घसरलं, आमच्या दोघींच्या मधे येऊन पडलं.

"काही नव्हतं, ताई. पानंच होती. ऊन डावीकडून यायचं ना, त्यात त्यांचा रंग छान दिसायचा. अन् पडतात तेव्हा आवाज होतो, तो आवडायचा त्यांना. बसून ऐकत राहायचे. यंदा पुन्हा पडली आहेत बघा, तेवढीच."

त्या माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. मी नजर हलू दिली नाही. मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, ह्यांच्या खुर्चीवर बसल्या आणि कान देऊन ऐकायला लागल्या.

तुला खोटं बोलता येत नाही, म्हणायचे हे. परवा आलं. ताईंचा विश्वास बसला. आता मला पकडणारं माणूसच राहिलेलं नाही.